आधी मागची रांग



कंडक्टर म्हटलं की आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एसटीचा कंडक्टर उभा राहतो. खाकी गणवेश, तिकिटांची पेटी आणि दोरी ओढून दिलेली डबल बेल. हा माणूस गाडी चालवत नाही. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असतं. पण त्याने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही.

आज मी ज्या कंडक्टरबद्दल बोलणार आहे, त्याचंही काहीसं तसंच आहे. त्याच्यासमोर ऐंशी-शंभर वादक बसलेले असतात. प्रत्येकाच्या हातात वाद्य, याच्या हातात एक बारीक छडी. अख्ख्या रंगमंचावर एकही सूर न वाजवणारा माणूस तो एकटाच. आणि जाहिरातीत सगळ्यांत मोठं नाव त्याचंच!

आणखी एक खुलासा करतो. आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे गणेशोत्सवातला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम. मीही लहानपणी मांडवात बसून ते ऐकलेत आणि मनापासून टाळ्या वाजवल्यात. आज मात्र मी पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मोठ्या वाद्यवृंदाबद्दल बोलतोय. त्याच्या कंडक्टरला आपण संचालक म्हणू.

तुम्ही विचाराल, फौजी माणसाचा याच्याशी काय संबंध? मी संगीतकार नाही. साधा विज्ञानाचा पदवीधर आणि मग पायदळातला अधिकारी. नोकरीत एकदा रेजिमेंटल सेंटरला बदली झाली आणि तिथल्या बँडची प्रशासकीय जबाबदारी माझ्याकडे आली. गणवेश, वाद्यांची दुरुस्ती, रजा, हेच माझं काम. पण सरावाच्या वेळी मी मागे खुर्ची टाकून बसायला लागलो. आमचे बँडमास्टर सुभेदार साहेब पचमढीला शिकून आलेले. लष्करी संगीताचं शिक्षण आपल्याकडे तिथे मिळतं. सराव संपला की मी त्यांना एकच प्रश्न विचारायचो, साहेब, तुम्ही हात हलवला नाहीत तर काय होईल? ते हसायचे आणि दुसऱ्या दिवशी करून दाखवायचे. तिथून हा छंद लागला. निवृत्तीनंतर वाचन केलं, भरपूर ऐकलं, सरावाची चित्रणं पाहिली. आज दोन गोष्टी सांगतो. हा माणूस नेमकं काय करतो, आणि ते शिकतात कसं.

सुरुवात भौतिकशास्त्रापासून करू. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मोठ्या रंगमंचावर दोन टोकांच्या वादकांमध्ये १७ मीटर अंतर असलं, तर एकाचा सूर दुसऱ्याला सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय बिघडतं? जलद लयीत व्हायोलिनवाले सेकंदाला आठ-आठ स्वर वाजवत असतात. त्या हिशेबाने हा उशीर एका स्वराच्या चाळीस टक्के झाला. प्रत्येकजण फक्त कानावर विसंबून वाजवू लागला, तर दोन मिनिटांत सगळं भरकटेल. पण प्रकाशाला उशीर होत नाही. संचालकाचा हात सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो.

संचलनात हे आम्ही पायांनी अनुभवलंय. तुकडी लांबलचक असली की शेवटच्या रांगेतल्या जवानाला ड्रमचा ठोका उशिरा ऐकू येतो. फक्त कानावर चालला तर त्याचा पाय मागे पडणारच. म्हणून तिथे कानाइतकंच नजरेवरही चालावं लागतं.

दुसरी गोष्ट कागदाची. वाद्यवृंदातल्या वादकासमोर फक्त त्याच्या वाद्याची ओळ असते. बासरीवाल्याला ट्रम्पेटच्या कागदावर काय आहे ते दिसत नाही. सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेली संपूर्ण संहिता असते एकट्या संचालकासमोर. ती वाचणं सोपं नाही. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटचंच घ्या. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याच्या कागदावर ‘सा’ लिहिलेला असतो आणि ऐकू येतो कोमल ‘नी’. फ्रेंच हॉर्नचा हिशेब आणखी वेगळा. अशा पंधरा-वीस ओळी एकदम वाचून, एकही वाद्य हाताशी नसताना, त्याला तो सगळा आवाज मनात ऐकायचा असतो. वादक येण्याआधी त्याच्या डोक्यात ती रचना वाजलेली असावी लागते.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत जवळची वाटते. ड्रिलच्या हुकमाचे दोन भाग असतात. ‘तेज…’ आणि मग ‘चल’. पाय ‘चल’ला उचलतो, पण खरं काम ‘तेज’ आणि त्यानंतरची थांबण करते. त्या आवाजाच्या लांबीवरून, जोरावरून जवानाला कळतं की काय येतंय आणि कधी येतंय. ‘तेज’ कच्चा गेला, तर ‘चल’ कितीही ओरडून म्हणा, पाय एकत्र पडणार नाहीत.

संचालकाची छडी वर जाते, तो त्याचा ‘तेज’. पहिला सूर येण्याआधीची ती हालचाल. ती किती वेगाने वर गेली त्यावरून लय कळते. किती मोठी होती त्यावरून आवाज किती ठेवायचा ते कळतं. तिचा झोत बघून सूर हळुवार यायचा की ठोकून, तेही कळतं. फुंकवाद्यं वाजवणारे त्याच क्षणी श्वास घेतात. म्हणजे सूर उमटतो तेव्हा संचालकाचं त्या सुरापुरतं काम संपलेलं असतं. हात खाली येतो तोवर हुकूम देऊन झालेला असतो.

बेथोव्हेनची पाचवी सिंफनी तुम्ही ऐकली असेल. नाव माहीत नसलं तरी तिची चार सुरांची ती सुरुवात कानावरून गेलेली असतेच. ती सुरुवात म्हणजे संचालकांची परीक्षा. कारण पहिल्या मात्रेच्या ठोक्यावर सूर नाही, तिथे छोटीशी विश्रांती लिहिलेली आहे. तीन सूर त्याच्या मागून येतात. म्हणजे संचालकाने ठोका द्यायचा तो शांततेवर, आणि पन्नास-साठ माणसांनी त्या शांततेतून एकाच क्षणी बाहेर पडायचं. आपल्याकडे ‘खाली’ला टाळी न देता हात हलवून दाखवतात, ते आठवा. न वाजलेली मात्राही हातात असावी लागते.

आता हे सगळं माणूस शिकतो कसं? त्यासाठी एका मुंबईकराची गोष्ट सांगतो.

झुबिन मेहता. जन्म २९ एप्रिल १९३६, मुंबईच्या पारशी कुटुंबातला. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. घरात सतत सराव, येणारे-जाणारे वादक, कागदांचे गठ्ठे. मुलाने डॉक्टर व्हावं अशी घरची इच्छा होती आणि सेंट झेवियर्समध्ये त्या दिशेने शिक्षण सुरूही झालं होतं. पण १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला गेला.

तिथे त्याने काय केलं ते नीट ऐका. संचालन शिकायला गेलेला हा मुलगा डबल बेस शिकला. डबल बेस म्हणजे माणसापेक्षा उंच असं तंतुवाद्य. त्याची जागा कडेला किंवा मागे. त्याला धून क्वचितच मिळते. तो पाया धरून ठेवतो आणि पुढे चाललेलं सगळं ऐकतो.

त्याचे संचालनाचे गुरू होते हान्स स्वारोव्स्की. जन्म १८९९ चा, बुडापेस्टचा. शोनबर्ग आणि वेबर्न यांच्याकडे शिकलेले. त्यांच्या वर्गातून मेहता, क्लाउडिओ अब्बाडो, मारिस यान्सन्स, इव्हान आणि आडाम फिशर हे भाऊ, असे एकाहून एक संचालक निघाले. त्यांचा भर हातवाऱ्यांवर नव्हता, संहितेवर होता. संगीतकाराने लिहिलंय काय, कुठल्या मात्रांची मिळून एक ओळ होते, ओळींचा मिळून परिच्छेद कसा होतो, हे आधी समजून घ्या. समजलं असेल तर हात थोडकंच हलतात. समजलं नसेल तर हात फार हलतात. हे शेवटचं वाक्य माझं आहे, त्यांच्या नावावर खपवू नका. पण त्यांच्या शिष्यांचे हात पाहून मला तसं वाटतं.

या काळात मेहता आणि अब्बाडो या दोघा मित्रांनी एक युक्ती केली. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध म्युझिकफेराइन सभागृहात जगातले थोर संचालक यायचे. पण सरावाला विद्यार्थ्यांना आत बसू देत नसत. मग दोघेही तिथल्या गायकवृंदातच भरती झाले! गाण्याच्या रांगेत उभं राहून त्यांनी ब्रुनो वॉल्टर, कारायान अशा संचालकांचं काम समोरून पाहिलं. प्रेक्षकांना संचालकाची पाठ दिसते. चेहरा, डोळे, श्वास हे फक्त रांगेतल्यांना दिसतं. आमच्या अकादमीतही कॅडेट आधी रांगेत उभा राहतो. हुकूम ऐकताना कसा वाटतो हे ज्याच्या अंगात मुरलेलं नाही, त्याने हुकूम देऊ नये, हा त्यामागचा विचार.

मग आलं १९५६. हंगेरीतला उठाव चिरडला गेला आणि निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले. वीस वर्षांच्या मेहताने सात दिवसांत विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवला आणि व्हिएन्नाबाहेरच्या निर्वासित छावणीत जाऊन कार्यक्रम केला. मोठं सभागृह नाही, तिकीट नाही. समोर घरदार सोडून आलेली माणसं. कारकिर्दीची सुरुवात अशी झाली.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. १९५८ मध्ये लिव्हरपूलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मग माँट्रियल. १९६२ ते १९७८ लॉस एंजलिस. १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क फिलहार्मोनिक. इस्रायल फिलहार्मोनिकशी नातं तर २०१९ पर्यंत. भारताने १९६६ मध्ये पद्मभूषण आणि २००१ मध्ये पद्मविभूषण दिलं. पण माझं लक्ष या यादीपेक्षा तिच्या मागे असलेल्या डबल बेसकडे आणि गायकवृंदातल्या त्या रांगेकडे जास्त जातं.

आता शिकवण्याकडे वळू. संचालन शिकवण्यात एक मोठी अडचण आहे. पियानो शिकणाऱ्याच्या घरी पियानो असतो. तबला शिकणारा पहाटे उठून रियाज करतो. संचालन शिकणाऱ्याचं वाद्य म्हणजे ऐंशी माणसं. ती घरी कुठून आणणार? आरशासमोर छडी हलवता येते, पण आरसा चुकीचं वाजवत नाही. म्हणून अनेक ठिकाणी वाद्यवृंदाऐवजी दोन पियानोवादक बसवतात आणि विद्यार्थी त्यांचं संचालन करतो.

फौजेत याला समांतर प्रकार आहे, त्याला आम्ही ‘ट्यूट’ म्हणतो. सैन्य न नेता केलेला युद्धसराव. जमिनीवर किंवा वाळूच्या नकाशावर उभं राहून अधिकारी सांगतो, मी इथून हल्ला करीन. फार उपयोगी. पण वाळूच्या नकाशावर कुणाला तहान लागत नाही, कुणाचा पाय मुरगळत नाही, वायरलेस बंद पडत नाही. खरी तुकडी घेऊन रात्री डोंगर चढल्याशिवाय कमांड समजत नाही.

फिनलंडमधल्या योर्मा पानुला या शिक्षकाने हे ओळखलं. जन्म १९३०. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत १९७३ ते १९९३ ते संचालन शिकवत होते. त्यांची पद्धत अशी की विद्यार्थ्याला लवकरात लवकर खऱ्या वादकांसमोर उभं करायचं. चित्रण करायचं. मग ते चित्रण त्यालाच दाखवायचं. शिक्षकाने कमी बोलायचं. विद्यार्थ्याला स्वतःलाच दिसतं की आपण वाकून उभे होतो, डोळे कागदात होते, वादकांना श्वास घ्यायला जागाच दिली नाही. आम्हीही मोहिमेनंतर जवानांना बसवून झाल्या गोष्टीची उजळणी करतो, तेच हे.

याचा परिणाम बघा. एसा-पेक्का सालोनेन, युक्का-पेक्का सरास्ते, ओस्मो वान्स्का, साकारी ओरामो, सगळे त्यांचे शिष्य. फिनलंडची लोकसंख्या साधारण ५५ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढी. इतक्या लहान देशातून जगभरचे वाद्यवृंद सांभाळणारे एवढे संचालक कसे निघतात? हवापाण्यामुळे नव्हे. विद्यार्थ्यासमोर बसायला वादक होते, म्हणून.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. संचालक खरंच लागतो का? मॉस्कोत १९२२ मध्ये ‘पेर्सिम्फान्स’ नावाचा संचालकाविना चालणारा मोठा वाद्यवृंद निघाला होता. समतेच्या विचारातून. तो दहाएक वर्षं चालला. न्यूयॉर्कचा ऑर्फियस हा छोटा वाद्यवृंद १९७२ पासून संचालकाविना वाजवतोय, आणि उत्तम वाजवतोय. म्हणजे संचालकाविना जमतं. फक्त सराव जास्त लागतो, चर्चा जास्त लागते. वादक जितके अधिक आणि वेळ जितका कमी, तितकी एका हाताची गरज वाढते. संचालकाचा अधिकार हा देवाने दिलेला नाही. शंभर जणांचा वेळ वाचावा म्हणून त्यांनी तो एकाला उसना दिलेला असतो. कमांडचंही असंच आहे, असं मला तीस-पस्तीस वर्षांनंतर वाटतं.

हा उसना अधिकार कुणाला द्यायचा याबद्दल दोन्हीकडे जुने समज होते. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने स्त्रियांना कायम सभासद म्हणून घ्यायला १९९७ साल उजाडलं. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाची संगीत संचालक म्हणून पहिली स्त्री, मरिन ऑल्सप, २००७ मध्ये बाल्टिमोरला आली. आपल्या एनडीएत मुलींची पहिली तुकडी आली २०२२ मध्ये. छडी उचलायला दंडाची ताकद लागत नाही, हे कळायला सगळ्यांनाच वेळ लागला.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येतो.

एसएसबीच्या मुलाखतीची तयारी करणारी मुलं माझ्याकडे मार्गदर्शनाला येतात. सोबत पालक येतात. पहिलं वाक्य ठरलेलं, सर, याला लीडर बनवायचंय. शाळेत लीडरशिपचं शिबिर झालेलं, प्रमाणपत्र मिळालेलं. गट-कार्यात उभा केला की हा मुलगा सगळ्यांच्या वर आवाज चढवतो. फळी कुठे टेकवायची हे शेजारचा मुलगा हळू आवाजात बरोबर सांगत असतो, ते याला ऐकूच येत नाही. परीक्षक मात्र दोघांकडेही बघत असतो.

मी त्या मुलांना विचारतो, तू कुठल्या गटात मागच्या रांगेत उभा राहिलायस? ढोलपथकात? भजनी मंडळात? शाळेच्या बँडमध्ये? खो-खोच्या संघात राखीव म्हणून? बहुतेकांचं उत्तर नाही असं येतं. आपण नेते आधी घडवायला निघालोय आणि गट नंतर जमवू म्हणतोय. संगीताचा इतिहास मला उलटं सांगतो. वाद्यवृंद आधी असावा लागतो. संचालक त्यातूनच निघतो.

मेहली मेहतांकडे पुन्हा बघा. त्यांनी मुंबईत वाद्यवृंद उभा केला, तो आर्थिक आधाराविना चालवत राहिले, आणि १९५५ मध्ये तेही देश सोडून गेले. आधी मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात वाजवलं, नंतर अमेरिका. लॉस एंजलिसला १९६४ मध्ये त्यांनी अमेरिकन यूथ सिंफनी स्थापन केली आणि ३३ वर्षं तरुण वादकांना घडवलं. किती तरुण त्यांच्या हाताखालून गेले असतील! ती तेहतीस वर्षं मुंबईला मिळू शकली असती. वाईट वाटतं ते इथे. बाप आणि मुलगा दोघे गेले, ते देशावर रागावून नव्हे. इथे त्यांचं वाद्यच नव्हतं. ऐंशी माणसांचं वाद्य.

आणि आपल्याला हे परकं होतं असंही नाही. तंजावरला दुसरे सरफोजी महाराज, आपलेच भोसले, यांच्या पदरी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. मुंबईच्या सिनेसंगीताचा डोलारा गोव्याच्या वादकांनी पेलला. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल पुढे कोण झाले ते मी सांगायला नको. २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. सुरुवातीला त्यात परदेशी वादकांचा भरणा होता आणि अजूनही त्यांची गरज लागते, पण तिथे मुलांना शिकवण्याचं कामही चालू आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ८७ वर्षांचे झुबिन मेहता या वाद्यवृंदासमोर उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यांदाच त्याचं संचालन केलं. मुंबई सोडल्याला ६९ वर्षं झाली होती.

या देशात आणखी एका ठिकाणी वादकांना दर महिन्याला पगार मिळतो आणि रोज सकाळी सराव होतो. ते म्हणजे फौजेचे बँड. खेड्यातला मुलगा येतो, ज्याने आयुष्यात स्वरलिपी पाहिलेली नसते. दोन-तीन वर्षांत तो कागद वाचून क्लॅरिनेट वाजवतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. समारंभाला सगळे बँड ऐकतात, पण त्याच्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहतात. माझी विनंती आहे, शिक्षणसंस्था म्हणून बघा. निवृत्त होऊन घरी परतलेले बँडचे वादक तुमच्या तालुक्यात असतील. त्यांच्यापैकी कितीतरी जण सुरक्षारक्षकाची नोकरी करतायत. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा बेंगळुरूला, जिथे मराठी मंडळ आहे तिथे मुलं आहेत. महिन्यातून चार रविवार, एक हॉल, बारा मुलं आणि असा एक निवृत्त हवालदार. सुरुवात एवढ्यावर होते.

त्या बारा मुलांत संचालक कोण होणार हे पहिल्या दिवशी ठरवू नका. सगळ्यांना वाजवू द्या. सगळ्यांना मागे बसू द्या. वर्षभराने तुम्हालाच दिसेल की एक मुलगी स्वतःची ओळ वाजवताना शेजारच्याची ओळही ऐकते. कुणी चुकलं तर तिची मान आधी वळते. तिच्या हातात छडी द्या.

जय हिंद.